बोअरच्या चुऱ्याला तुमच्या दप्तरात जागा द्या

प्रति,
भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, केंद्रीय भूजल मंडळ आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण इथे काम करणारे सर्व शास्त्रज्ञ

विषय : खान्देशात होणाऱ्या बोअर आणि ट्यूबवेलमधल्या थरांची नोंद ठेवण्याबाबत

साहेब, मॅडम, नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातला बोअरचा एजंट. शेतकरी बोअर कुठे घ्यायचा तो पॉइंट काढून घेतो, मला फोन करतो, मी गाडी लावून देतो. गाडी तामिळनाडूतल्या तिरुचेंगोडची, ऑपरेटर तिकडचाच, रॉड लावणारी पोरं झारखंड-ओडिशाची, डिझेल इथलं आणि उधारी माझी. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत कामं केली. गाळात ट्यूबवेल करणारी मशीन वेगळी, खडकात बोअर मारणारी वेगळी. दोन्हीकडच्या मिस्तऱ्यांशी रोजचा संबंध. जमिनीखालचं थोडंफार जे कळतं ते गाडीमागे उभं राहून, नाकातोंडात धूळ जाऊन कळलेलं आहे. पुस्तकं नंतर वाचली. तुमचे अहवाल मात्र आवर्जून वाचतो, इंग्रजीत असले तरी.

मागणी एकच आहे, ती आधी सांगून टाकतो. खान्देशात दर उन्हाळ्यात शेतकरी स्वतःच्या पैशाने जितकी भोकं पाडतात, तितकी कुठल्याही सरकारी संशोधन कार्यक्रमात पडणार नाहीत. प्रत्येक भोकातून थराथराचा चुरा वर येतो. तो बांधावर पडतो आणि पहिल्या पावसात वाहून जातो. तुम्हाला खाली काय आहे ते जाणून घ्यायचं असतं, आमचा हातोडा रोज खाली जाऊन येतो, आणि तुमची-आमची गाठ पडत नाही. ती पाडा. बोअर होताना थराची नोंद घेण्याची साधी पद्धत बसवा आणि ती नोंद मराठीत सगळ्यांना पाहता येईल अशी ठेवा.

याची गरज खान्देशातच जास्त का, ते आता सांगतो.

वरून पाहिलं तर आमचा मुलूख सरळसोट आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा, मधून तापी पश्चिमेला जाते. खाली मात्र दर दहा-पंधरा किलोमीटरला कारभार बदलतो. सातपुड्याच्या पायथ्याने मोठा प्रस्तरभंग गेलेला आहे. डोंगर वर राहिला, खोरं खचलं, आणि त्या खोलगटात नद्यांनी आणलेला गाळ भरत गेला. रावेर, यावल, चोपडा, पुढे शिरपूर, शहादा, तळोदा हा सगळा त्या गाळाचा पट्टा. पिवळी माती, चिकण माती, मधेच वाळू, मधेच गोटे, आणि हे सगळं काही ठिकाणी शेकडो फूट खोल. आमच्या अडावदजवळ उनपदेवाला गरम पाण्याचा झरा आहे. ते पाणी अशाच खोल भेगांच्या वाटेने वर येतं. लोक तिथे आंघोळीला जातात, भूगर्भवाले थर्मामीटर घेऊन जातात. दोघांचंही बरोबर आहे.

डोंगर संपून गाळ सुरू होतो तिथे पायथ्याला लागून एक चिंचोळी पट्टी आहे. मोठमोठे गोटे, भरड रेती, त्यात माती कमी. तुम्ही तिला बझाडा म्हणता. सुकी, मोर, अनेर आणि त्यांच्यासारखे अनेक नाले सातपुड्यातून धडधडत खाली येतात आणि या पट्टीत आले की त्यांचं पाणी जमीन गिळते. तापीकाठच्या केळीला जे पाणी लागलं ते पिढ्यानपिढ्या इथूनच आत गेलेलं. आणि तापी ओलांडून दक्षिणेला किंवा पश्चिमेला साक्री-नंदुरबारकडे गेलं की गाळ संपतो, बेसॉल्ट सुरू होतो. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले, तोच हा काळा खडक. त्यात पाणी साठायला जागाच थोडी. वरचा मुरूम, खडकातल्या भेगा, दोन थरांच्या सांध्यातला गेरू, मधेच लागणारा मांजऱ्या, म्हणजे पांढऱ्या कणांचा मऊ थर, बस.

धुळे-नंदुरबारच्या बेसॉल्टमध्ये आणखी एक भानगड आहे ती डाइकची. जुन्या भेगांमध्ये खालून लाव्हा घुसला, तिथेच थिजला आणि उभ्या भिंती तयार झाल्या. पूर्व-पश्चिम दिशेने, जरा तिरकस, मैलोन्‌मैल गेलेल्या. आजूबाजूचा खडक झिजला, त्या उरल्या. साक्रीहून नंदुरबारकडे जाताना माळावर ज्या काळ्या, अरुंद, सरळ धारा दिसतात त्या याच. अशी दाट गर्दी देशात फार थोड्या ठिकाणी आहे. डाइक अखंड असेल तर जमिनीखालच्या पाण्याला ती अडवते. वरच्या अंगाला पाणी तुंबतं, खालच्या अंगाला कोरडं. तीच डाइक तडकलेली असेल तर उलट तिच्यातूनच पाणी वाहतं. एकाच धारेच्या अलीकडे चांगला बोअर आणि पलीकडे, हाकेच्या अंतरावर, साडेचारशे फूट नुसती भुकटी, असं मी पाहिलेलं आहे. दोन सख्ख्या भावांची शेतं होती ती. पलीकडच्या भावाची समजूत अशी झाली की अलीकडच्याने त्याचं पाणी ओढलं. त्यावरून बोलणं बंद झालं. खाली भिंत आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’वर असे नकाशे फुकट पाहायला मिळतात, पण शेतकऱ्याला ते माहीत असण्याचं कारणच काय?

आता तुमच्या हिशेबाकडे येतो. तालुका ‘सुरक्षित’, ‘अंशतः शोषित’, ‘शोषित’ की ‘अतिशोषित’ हे ठरवताना तुम्ही वर्षाला जमिनीत मुरणारं पाणी आणि उपसा यांची टक्केवारी काढता. ७० टक्क्यांपर्यंत सुरक्षित, १०० च्या वर गेलं की अतिशोषित. हिशेब आधी पाणलोटाचा होतो, मग तो तालुक्यात बसवला जातो. ज्या डोंगराळ भागाचा उतार २० टक्क्यांहून जास्त, तो मुरण्याच्या हिशेबातून वगळतात. रावेर आणि यावल कित्येक मूल्यांकनांत अतिशोषितच्या यादीत आलेले आहेत. यात चूक काही नाही. सगळ्या देशासाठी एकच रीत ठेवायची तर कुठेतरी सरासरी काढावीच लागते.

पण त्या रीतीतला एक आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. पाण्याची पातळी एक मीटर उतरली तर जमिनीतून किती पाणी गेलं, हे खडकाच्या जातीवर ठरतं. तुमच्याच निकषात वाळूच्या गाळाला साधारण १६ टक्के धरतात, चिकणमातीच्या गाळाला ६ टक्के, बेसॉल्टच्या मुरमाड किंवा भेगाळ थराला २ टक्के. म्हणजे वाळूत पातळी एक मीटर खाली जाणं आणि बेसॉल्टमध्ये एक मीटर खाली जाणं यात पाण्याचा फरक आठ पटींचा. एवढा फरक ज्या एका गोष्टीवर अवलंबून आहे ती म्हणजे खाली नेमकी वाळू किती, माती किती, खडक किती. चोपडा घ्या, शिरपूर घ्या, एकाच तालुक्यात वर डोंगराचा बेसॉल्ट, मधे बझाडा, खाली गाळ. त्या गाळातही वाळूचा थर एका शिवारात पन्नास फूट जाड आणि पुढच्या शिवारात गायब. नद्यांनी पात्रं बदलत टाकलेला गाळ आहे तो, पाटीवर रेघ मारल्यासारखा सरळ कसा असेल?

केंद्राने २०१२ पासून जलधरांचे, म्हणजे पाणी धरणाऱ्या थरांचे, नकाशे करायचा मोठा कार्यक्रम घेतला. चांगलं काम झालं, मी त्यातली जळगावची माहिती वाचली आहे. ते नकाशे १:५०,००० प्रमाणाचे. या प्रमाणात एक हेक्टरचं शेत म्हणजे कागदावर दोन मिलिमीटर बाजूचा ठिपका. त्या नकाशावर बोअरचा पॉइंट काढता येत नाही, आणि त्यासाठी तो केलेलाही नाही, हे मला कळतं. पण त्याहून बारीक नकाशा करायचा म्हटलं तर खालची माहिती आणायची कुठून? सरकारी शोधविंधन विहिरी एका तालुक्यात मोजक्याच. एकेका विहिरीला खर्च केवढा. आणि इकडे आमच्या गाड्या होळीपासून जूनपर्यंत रात्रंदिवस भोकं पाडतायत.

चुऱ्यातून काय कळतं ते जरा जवळून सांगतो. खडकातल्या बोअरला रॉड वीस फुटांचा. हवेच्या दाबावर हातोडा चालतो आणि चुरा कॉम्प्रेसरच्या हवेने तोंडाशी उडतो. पहिल्या रॉडला तपकिरी मुरूम, हातात घेतला तर भुसभुशीत. मग राखाडी भुकटी सुरू होते, बारीक, पिठासारखी. हा अखंड काळा. याला रॉड लवकर उतरत नाही, ऑपरेटर बिडी पेटवतो. मधेच धुळीचा रंग लालसर होतो, चिमटीत घेतली तर चिकटते; गेरू आला. गेरूच्या वर-खाली लक्ष ठेवायचं, कारण दोन थरांचा सांधा तिथे आहे. चुऱ्यात पांढरे चकचकीत कण दिसले, रॉड सरसर उतरला, की मांजऱ्या. धूळ एकदम बसली आणि दाणा ओलसर यायला लागला की ‘ओल लागली’ म्हणतात. मग चिखल, मग पाणी. कुठल्या फुटावर ओल लागली, कुठे पाणी वाढलं, हे पोरांनाही तोंडपाठ असतं, सकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशी दुसरं गाव, सगळं विसरलं. वहीत राहतं ते एवढंच: एकूण फूट, केसिंग (भोकात बसवलेला पाइप) किती, पैसे मिळाले किती, बाकी किती.

गाळातलं काम निराळं. तिथे हातोडा चालत नाही, भोक ढासळतं. मातीचं दाट पाणी फिरवत ट्यूबवेल खोदतात. या कामात मिस्तरीला थर ध्यानात ठेवावेच लागतात, कारण केसिंग टाकताना जाळीचा पाइप वाळूसमोर यायला हवा आणि साधा पाइप मातीसमोर. जाळी चुकून चिकणमातीसमोर बसली तर लाखाची ट्यूबवेल मातकट पाणी देते किंवा काहीच देत नाही. म्हणून यावल-रावेरकडचा जुना मिस्तरी तुम्हाला अमुक गावाला इतक्या फुटांवर पहिली वाळू, मग इतकी माती, मग गोटे, हे कागद न पाहता सांगेल. ही माहिती पाहिजे असेल तर लवकर या. त्यातले बरेच जण आता थकले आहेत.

पाणाड्याबद्दलही बोलतो, नाहीतर तुम्ही म्हणाल एजंट आहे, पाणाड्याशी संगनमत असेल. तळहातावर नारळ उभा राहतो, कडुलिंबाची बेचकी वळते, हे मी शेकडो वेळा पाहिलं. तापीच्या गाळात पाणाड्याचं नाव फार मोठं होतं, कारण तिथे पुरेसं खोल गेलं की कुठे ना कुठे वाळू लागतेच. तोच माणूस साक्रीच्या माळावर नेला तर त्याचा नारळ निम्म्या वेळा लोकांना बुडवतो. आता शहरातून मोबाइल आणि यंत्र घेऊन येणारेही निघाले. चार खुंट्या ठोकून जमिनीत वीज सोडायची आणि विरोध मोजायचा, ही तुमचीच जुनी रीत. पण विरोध कमी आला म्हणजे पाणीच असं नाही, चिकणमातीलाही तो कमीच येतो. शेजारच्या बोअरचे थर ठाऊक असतील तर तो आकडा नीट वाचता येतो, नसतील तर तोही नारळच. म्हणजे आमचा चुरा तुमच्या यंत्रालाही लागतो.

निरीक्षण विहिरींचं एक बोलतो. तुमच्या यंत्रणेच्या राज्यभर हजारो निरीक्षण विहिरी आहेत. जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळ्यानंतर, अशी वर्षातून चार वेळा पातळी मोजली जाते. १९७१ मध्ये यंत्रणा सुरू झाली तेव्हापासूनच्या या कामाची किंमत मला कळते. पण यातल्या बऱ्याच विहिरी उघड्या, खोदलेल्या. आमच्याकडे केळीच्या पट्ट्यात खोदलेल्या विहिरी कधीच्याच कोरड्या पडल्या. कोरड्या विहिरीची नोंद ‘कोरडी’ अशीच होणार. पाणी मात्र खाली कुठेतरी आहे, कारण शेजारच्या ट्यूबवेलची मोटार चालू आहे. ते किती खाली आहे, दरवर्षी किती फूट उतरतंय, हे सगळ्यात आधी मोटार खाली सोडणाऱ्या मिस्तरीला कळतं. चारशे फुटांवरची मोटार साडेपाचशेवर नेली, ही त्याची रोजची कमाई. गावातले म्हातारे म्हणतात, ‘पानी खाले गये भो.’ किती खाली, ते लिहून ठेवलेलं नाही.

मापांचाही घोळ आहे. आमच्याकडे पाणी इंचात बोलतात. कुणाचा इंच डिलिव्हरी पाइपाचा, कुणाचा व्ही-नॉचचा, म्हणजे पाणी मोजायच्या त्रिकोणी खाचेचा. नव्वद अंशाच्या व्ही-नॉचवर एक इंच म्हणजे ताशी पाचशे लिटरच्या आसपास. दोन इंच म्हणजे त्याच्या दुप्पट असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात साडेपाच पटींहून जास्त, ताशी तीन हजार लिटरला जवळ. एवढ्या एका गैरसमजावर मोटारीचे हॉर्सपॉवर ठरतात, कर्ज ठरतं, केळीची खोडं ठरतात. अहवालात तुम्ही लिटर आणि घनमीटर लिहिता. कुठेतरी एका पानावर हे कोष्टक मराठीत छापून टाका, कामाला येईल.

आता शिरपूरचं. गेल्या वीस वर्षांत शिरपूर तालुक्यात नाले खोल-रुंद करून बंधारे बांधले गेले. त्यामागे तुमच्याच यंत्रणेतून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर होते. त्यांचं म्हणणं थराचं होतं: गाळाच्या भागात वरची पिवळी माती पाणी मुरू देत नाही, ती फोडून खालच्या वाळू-रेतीपर्यंत पोचा. शिरपूरच्या गाळात ते पटण्यासारखं आहे. पुढे ‘शिरपूर पॅटर्न’ नाव झालं, आणि नाव झालं की आमच्याकडे जे होतं ते झालं: जेसीबी आला, थर राहिला. बेसॉल्टच्या भागातही नाले खरवडले. तिथे मुरूम हाच पाणी धरणारा थर. तोच उपसून काढला तर खालच्या काळ्या खडकावर पाणी नुसतं उन्हात तापत बसतं. शासनाला नंतर खोलीवर मर्यादा घालाव्या लागल्या. पॅटर्नच्या बाजूने आणि विरोधात जे भांडण झालं, त्यात दोन्हीकडच्यांनी आपापल्या नाल्याखालचे थर टेबलावर ठेवले असते तर निम्मं भांडण तिथेच मिटलं असतं, असं माझं मत आहे.

जुन्या काळी पांझरेवर फड पद्धत होती. बंधाऱ्याचं पाणी कुठल्या फडाला केव्हा, ते पाटकरी बघायचा, जागल्या पिकाची राखण करायचा. नदीचं पाणी डोळ्याला दिसतं म्हणून हिशेब जमला. जमिनीखालच्या पाण्याला पाटकरी नाही. अटल भूजल योजनेत, जळगाव जिल्हाही तीत होता, गावोगाव पाण्याचा ताळेबंद करायला शिकवलं, चांगली गोष्ट. पण जमेची बाजू तालुक्याच्या सरासरीवरून आणि खर्चाची बाजू गावातल्या केळीच्या खोडांवरून, असा ताळेबंद कुठल्या सोसायटीत चालेल?

पत्र आत्ताच लिहिण्याचं कारण मेगा रिचार्ज. १० मे २०२५ रोजी भोपाळला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी तापी खोरे महापुनर्भरण योजनेच्या करारावर सह्या केल्या. एकूण ३१.१३ टीएमसी पाणी, त्यातलं १९.३६ टीएमसी महाराष्ट्राचं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. खाऱ्या-गुटीघाटला बंधारा, तिथून सातपुड्याच्या पायथ्याने कालवे, आणि पुराचं पाणी बझाड्यात मुरवायचं. राज्यातलं २ लाख ३४ हजार ७०६ हेक्टर क्षेत्र लाभात सांगितलं आहे. कल्पना उत्तम आहे. निसर्ग जिथून पाणी आत घेत आला तिथूनच घ्यायचं, याहून शहाणपणाचं काय? कित्येक वर्षं ही योजना भाषणात ऐकली, आता सह्या झाल्या, आनंद आहे.

पण धंद्यातल्या माणसाच्या मनात प्रश्न येतात. बझाड्यात मुरलेलं पाणी तापीकडे किती लांब जाईल? मधे चिकणमातीचा अखंड पापुद्रा असेल तर वरच्या वाळूत पाणी येईल आणि आमची ट्यूबवेल ज्या खालच्या थरातून ओढते तिथे पोचणारच नाही. पापुद्रा तुटका असेल तर पोचेल. कुठे अखंड, कुठे तुटका? पुराचं पाणी गढूळ. गाळून न सोडता भोकात ओतलं तर वाळूची तोंडं बुजतात. कित्येक शेतकऱ्यांनी नाल्याचं पाणी थेट ट्यूबवेलमध्ये सोडून ती कायमची घालवली आहे. कुठल्या नाल्यात पाणी सोडायचं, कुठे भोक घ्यायचं, किती फुटांचं, हे सगळं थराचं काम. आणि योजना झाल्यावर पातळी वाढली की नाही हे ठरवायचं तर आजची पातळी लिहिलेली पाहिजे. पायथ्यापासून तापीपर्यंत, गावागणिक. तीन-चार उन्हाळ्यांची तरी. पाणी आल्यावर मोजायला सुरुवात केली तर चांगल्या पावसाचं श्रेयही योजनेला जाईल आणि वाईट पावसाचं खापरही तिच्यावरच फुटेल.

तर पद्धत कशी असावी, मला सुचतं ते लिहितो, तुम्ही सुधारा.

एक पानाचा नमुना. गाव, शिवार, तारीख, मोबाइलवर घेतलेलं ठिकाण. मग रॉडमागे एक ओळ: चुऱ्याचा रंग, जात, आणि रॉड उतरायला किती मिनिटं लागली. ही मिनिटं कोणी लिहीत नाही, पण कठीण-मऊ खडक त्यावरून रंगापेक्षा खात्रीने कळतो. रॉडमागे एक मूठ चुरा बांधावर ओळीने ठेवायचा आणि सगळ्या ढिगांचा मिळून एक फोटो. पहिली ओल, पुढची ओल, शेवटचं पाणी, केसिंग, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी किती फुटांवर उभं राहिलं. ऑपरेटरला मराठी वाचता येत नाही, म्हणून शब्दांऐवजी रंगांची पट्टी द्या. पोरगं बोट ठेवेल.

फेल बोअरची नोंद सगळ्यात आधी घ्या. पाणी लागलेल्या बोअरची गावभर चर्चा होते, पेढे वाटतात. कोरडा गेला की शेतकरी बोअरच्या तोंडावर दगड ठेवतो आणि विषय मिटवतो. मग दोन वर्षांनी शेजारचा माणूस त्याच धारेवर पुन्हा पैसे घालतो.

अडचण भीतीची आहे हे मान्य. २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरच्या पुढची ती खोल विहीर ठरवली, तिच्यावर बंदी घालण्याची तरतूद केली. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. केळीच्या पट्ट्यातल्या कित्येक शिवारांत दोनशे फुटांवर थेंब लागत नाही. मग सहाशे फुटांचा बोअर कोण स्वतःच्या सहीने लिहून देईल? म्हणून नोंदीत शेतकऱ्याचं नाव नको, गट नंबर नको. लोकांना दिसणाऱ्या नकाशावर शिवारापर्यंतच दाखवा. थराची नोंद कारवाईसाठी वापरणार नाही, असं लेखी जाहीर करा. उपशावर नियंत्रण हवं, मी त्याच्या विरोधात नाही. माझाच धंदा कमी होईल तरी नाही. पण ते काम थराच्या कागदाला जोडलं तर कागद खोटा येईल. त्याच कायद्यात बोअर मशीनच्या मालकांच्या नोंदणीची तरतूद आहे. नोंदणी टिकवायची तर दर हंगामाला इतके नमुने भरून द्या, एवढी अट पुरे. ऑपरेटरला नोंदीमागे चहापाण्याचे पैसे मिळाले तर तो आनंदाने भरेल.

काही नोंदी खोट्या येतील. फूट वाढवून सांगायची आमच्या धंद्यात खोड आहेच. पण खोट्या फुटाला खरा चुरा देता येत नाही. एका शिवारात दहा नोंदी आल्या आणि नऊ एकमेकींशी जुळल्या तर दहावी आपोआप उघडी पडते. तुमचा एखादा तरुण भूवैज्ञानिक आठवड्यातून एक रात्र आमच्या गाडीवर आला तर फारच उत्तम. जेवायची सोय शेतकरी करतो, बोअरच्या रात्री भरीत-भाकरी असतेच.

सुरुवात सगळ्या खान्देशात नको. अडावद ते तापी अशी एक पट्टी घ्या, साक्री तालुक्यातलं डाइकचं एक गाव घ्या. दोन हंगाम करून पाहा. चोपडा तालुक्यातल्या दोन-तीन एजंटांशी मी बोललो आहे, नमुना मिळाला तर भरून द्यायची त्यांची तयारी आहे. यावलच्या एका जुन्या मिस्तरीने तर त्याच्या डोक्यातले थर सांगायला बसतो म्हटलंय, फक्त लिहून घेणारं माणूस पाहिजे.

गाड्या फेब्रुवारीच्या शेवटी उतरतात. त्याआधी नमुना हातात पडला तर हा हंगाम वाया जाणार नाही. कुठल्या कार्यालयात, कोणाकडे यायचं तेवढं कळवा.

आपला,
चोपडा तालुक्यातला एक बोअरवाला